पाढ्यांशिवाय गुणाकार: माया अंक, तीन नियम आणि जाड-बारीक रेघा

रेघांनी रेघा छेदून गुणाकार करायचं चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. २१ साठी दोन रेघा, थोडी जागा सोडून एक रेघ. १३ साठी त्यांना छेदणारी एक रेघ, जागा सोडून तीन. छेद मोजले की २७३. हेच चित्र कधी जपानी पद्धत म्हणून फिरतं, कधी चिनी, कधी माया. मी गणित शिकवते, त्यामुळे दरवर्षी एखादं मूल ते वहीत काढून आणतं आणि विचारतं, "बाई, हे माया लोकांचं आहे ना?"

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या लिपीत हाताने लिहिलेल्या चारच पोथ्या आज शिल्लक आहेत. त्या ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको सिटी या शहरांत आहेत. आकडे त्यांत भरपूर आहेत, पण रेघा छेदून केलेला गुणाकार एकाही पानावर नाही, आणि गुणाकाराची रीतही कुठे लिहून ठेवलेली नाही. म्हणजे 'माया' हे नाव त्या चित्राला मागाहून चिकटलंय. तरी मी मुलाला तेवढं सांगून जागेवर बसवत नाही. माया अंक आणि ती रेघांची युक्ती एकत्र आणली की गंमत होते: पाढे न येणाऱ्यालाही कितीही मोठा गुणाकार जमतो. पाठ करायचे ते फक्त तीन नियम.

साहित्य

मूठभर बिया, पंचवीस-तीस काड्या (आगपेटीच्या चालतील), चार-पाच शिंपले आणि जमिनीवर आखायला खडू. शिंपले नसतील तर बटणं घ्या. कागदावर केलं तरी चालतं, पण पहिल्यांदा जमिनीवरच करा, कारण यात वस्तू सारखी उचलून दुसरीकडे ठेवावी लागते आणि कागदावर नुसती खाडाखोड होते.

जमिनीवर मोजायची कल्पना माझी नाही. दिएगो दे लांदा हा फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती धर्मगुरू सोळाव्या शतकात युकातानमध्ये, म्हणजे माया लोकांच्याच मुलखात, होता. त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक विसापर्यंत पाच-पाचने मोजतात, मग शंभरापर्यंत विसाने, चारशेपर्यंत शंभराने आणि पुढे आठ हजारांपर्यंत चारशेने. कोकोच्या बियांच्या व्यवहारात ही मोजणी फार चालते, आणि ती ते जमिनीवर किंवा एखाद्या सपाट जागेवर करतात. याच माणसाने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्यांची होळी केली होती. ज्याने पुस्तकं जाळली त्याच्याच टिपणांवरून आज ही मोजणी समजून घ्यावी लागते, याचा मला अजून राग येतो.

अंक मांडणे

बी म्हणजे एक. आडवी काडी म्हणजे पाच. शिंपला म्हणजे शून्य. पोथ्यांत बीच्या जागी ठिपका असतो आणि काडीच्या जागी दांडी. एका घरात जास्तीत जास्त चार बिया आणि तीन काड्या, म्हणजे १९. काड्या खाली, बिया त्यांच्या वर.

घरं एकावर एक रचायची. आपण आकडे डावीकडे वाढवत नेतो, माया लोक वर चढवत नेत. सगळ्यात खाली एककाचं घर. त्याच्या वर विशीचं, मग चारशेचं, मग आठ हजारांचं. प्रत्येक मजला खालच्याच्या वीसपट. युकातानच्या माया भाषेत विसाला काल, चारशेला बाक आणि आठ हजारांना पिक म्हणत.

२०२६ मांडून पाहू. चारशेच्या घरात ५, कारण पाच चारशे म्हणजे दोन हजार. उरले २६, विशीच्या घरात १, एककात ६. म्हणजे वर एक काडी, मध्ये एक बी, खाली एक काडी आणि तिच्यावर एक बी. वरून खाली वाचायचं: ५-१-६. पुढे सगळीकडे मी असंच लिहिणार आहे.

आता ७७७. एक चारशे काढला, उरले ३७७. त्यातून अठरा विशा, म्हणजे ३६०, काढल्या की उरले १७. मांडणी १-१८-१७. मुलं इथे विशीच्या घरात ३७ टाकायला जातात, आपल्या दशकाची सवय म्हणून. त्यांना मी फक्त "एका घरात किती मावतात?" एवढंच विचारते.

आणि शिंपला विसरू नका. ४०० म्हणजे वर एक बी आणि खालच्या दोन्ही घरांत एकेक शिंपला. घर रिकामं ठेवलं तर तिथे घर आहे हेच पाहणाऱ्याला कळत नाही.

बेरीज, म्हणजे हातच्याचा सराव

गुणाकाराच्या शेवटी बेरीजच उरते, तेव्हा ती आधी हातात बसू द्या. दोन्ही संख्यांच्या बिया-काड्या घराघरात एकत्र ओता आणि खालून वर आवरत जा. पाच बिया झाल्या की त्या उचलून एक काडी ठेवायची. चार काड्या झाल्या की त्या उचलून वरच्या घरात एक बी ठेवायची. बस.

७७७ आणि २०२६ घेऊ. एककात तीन काड्या दोन बिया आणि एक काडी एक बी, मिळून चार काड्या तीन बिया. चार काड्या उचलल्या, विशीच्या घरात एक बी चढली, खाली तीन बिया उरल्या. विशीच्या घरात आधी तीन काड्या तीन बिया, दुसऱ्या संख्येची एक बी आणि ही चढलेली एक, म्हणजे तीन काड्या आणि पाच बिया. पाच बियांची काडी केली तर काड्या झाल्या चार, म्हणजे त्याही गेल्या आणि चारशेच्या घरात एक बी आली. विशीचं घर पार रिकामं झालं, तिथे शिंपला. वर एक बी, एक काडी आणि आत्ताची बी, म्हणजे ७. उत्तर ७-०-३. सात चारशे २८०० आणि ३, म्हणजे २८०३. वर्गात मी हेच उदाहरण आधी घेते, कारण त्यात हातचा दोनदा चढतो आणि शिंपलाही लागतो.

तीन नियम

बी गुणिले बी: एक बी.
बी गुणिले काडी: एक काडी.
काडी गुणिले काडी: त्याच घरात एक काडी आणि वरच्या घरात एक बी.

पहिले दोन उघड आहेत. तिसऱ्यात या अंकांची खरी खुबी आहे. पाच पाचा पंचवीस, आणि पंचवीस म्हणजे एक वीस आणि एक पाच. वीस म्हणजे वरची एक बी, पाच म्हणजे इथली एक काडी. आपल्या दशमान पद्धतीत त्याच पंचविसाचे दोन दहा आणि एक पाच होतात, तेही चालतं, पण इतकं नेटकं बसत नाही. पाचची काडी आणि विसाची घरं एकमेकांसाठीच केलेली वाटतात.

एका घरातलाच गुणाकार आधी करा: ७ गुणिले ८. इथेच रेघांचं चित्र कामाला येतं. एका बीसाठी एक बारीक रेघ, एका काडीसाठी एक जाड रेघ. ७ साठी एक जाड आणि दोन बारीक रेघा आडव्या ओढा. ८ साठी एक जाड आणि तीन बारीक रेघा उभ्या ओढा. छेद झाले बारा. नेहमीच्या रेघांच्या पद्धतीत हेच छप्पन्न झाले असते.

आता छेद वाचा. बारीक-बारीक छेद दोन त्रिक सहा, म्हणून सहा बिया. जाड-बारीक छेद तीन आणि दोन, म्हणून पाच काड्या. जाड-जाड छेद एकच, त्याची इथे एक काडी आणि वर एक बी. मिळून खाली सहा काड्या, सहा बिया. वर एक बी. आवरायला घ्या. पाच बियांची एक काडी: खाली सात काड्या, एक बी. चार काड्या उचलून वर एक बी: खाली तीन काड्या एक बी, वर दोन बिया. २-१६. दोन विशा चाळीस आणि सोळा, छप्पन्न.

सात आठे किती हे तुम्ही आठवलं नाही, फक्त छेद मोजले. पाढ्यांना घाबरणारी मुलं इथे पहिल्यांदा गणिताकडे सरळ नजरेने बघतात, हा माझा अनुभव आहे. पाढे विसरा असं मी म्हणत नाही, पाढ्यांनी झटपट होतं. पण पाढा आठवेना म्हणून हात आखडून बसायची वेळ येऊ नये.

दोन घरांच्या संख्या

४७ गुणिले ३२ घ्या. ४७ म्हणजे २-७, ३२ म्हणजे १-१२. जमिनीवर चार चौकटींचा चौकोन आखा, दोन खाली आणि दोन वर. डाव्या कडेला ४७ उभा मांडा, खाली ७, वर २. खालच्या कडेला ३२ आडवा मांडा, पण एकक डावीकडे ठेवा: डावीकडे १२, उजवीकडे १. असं उलटं मांडलं की दोन्ही संख्यांचे एकक एकाच कोपऱ्यात येतात.

आता खालची डावी चौकट एककाची. तिच्या तिरक्या समोरची, म्हणजे वरची उजवी, चारशेची. उरलेल्या दोन्ही विशीच्या. तीन घरांच्या संख्या असतील तर नऊ चौकटी होतात आणि तिथेही तिरक्या ओळीतल्या चौकटींचं मोल सारखंच असतं.

एककाच्या चौकटीत ७ गुणिले १२. एक काडी दोन बिया, आणि दोन काड्या दोन बिया. काडी-काडीचे छेद दोन, म्हणजे इथे दोन काड्या आणि विशीत दोन बिया. काडी-बीचे छेद दोन आणि चार, म्हणजे सहा काड्या. बी-बीचे चार, म्हणजे चार बिया. काड्या झाल्या आठ. चार-चार करून उचलल्या तर विशीत आणखी दोन बिया. एककात उरल्या चार बिया, विशीत चढल्या एकूण चार.

विशीच्या वरच्या चौकटीत २ गुणिले १२, चार काड्या चार बिया. दुसऱ्या चौकटीत ७ गुणिले १, एक काडी दोन बिया. या दोन्ही आणि खालून आलेल्या चार बिया एकत्र ओता: पाच काड्या, दहा बिया. दहा बियांच्या दोन काड्या, एकूण सात. त्यातल्या चार उचलून चारशेत एक बी. विशीत उरल्या तीन काड्या, म्हणजे पंधरा.

चारशेच्या चौकटीत २ गुणिले १, दोन बिया, आणि चढलेली एक. तीन.

३-१५-४. बाराशे, तीनशे आणि चार: १५०४.

आधी सगळ्या चौकटी भरून घ्याव्यात आणि मग आवरावं, की प्रत्येक चौकट भरल्या भरल्या आवरावी? मी चौकट भरताच आवरते, कारण बिया कमी लागतात. पण दोघं मिळून करत असाल तर आधी सगळं भरा. एकाने छेद वाचावे, दुसऱ्याने मांडावं. एखाद्या घरात शिंपला असेल तर त्याची ओळ सरळ सोडून द्या, त्याच्याशी काहीच छेदत नाही.

हेच दशमानात वापरायचं असेल तर

त्या फिरणाऱ्या चित्रांत २१ गुणिले १३ सारखीच उदाहरणं का असतात, हे ९७ गुणिले ८६ त्या पद्धतीने केलं की कळतं. २२४ छेद होतात. ते मोजता मोजता डोळे फिरतात आणि एखादा तरी निसटतो. जाड रेघ पाचची धरली की ९ म्हणजे पाच रेघा, ७ म्हणजे तीन, ८ म्हणजे चार, ६ म्हणजे दोन. छेद उरतात ४८. फक्त तिसरा नियम बदलायचा: जाड-जाड छेदाला दहाच्या घरात दोन बिया आणि इथे एक काडी. आणि आवरताना चारऐवजी दोनच काड्यांची वरची एक बी. उत्तर ८३४२ यायला हवं.

दिवस मोजताना मात्र थांबा

आत्तापर्यंतचा हिशेब शुद्ध विसांचा होता. दिवसांच्या मोजणीत माया लोक एका घराला वेगळा नियम लावत. सगळ्यात खाली किन, म्हणजे दिवस. वीस किनांचा एक उइनाल. पण उइनाल वीस नाही, अठराच झाले की वरचा टुन होतो, म्हणजे टुन ३६० दिवसांचा. पुढे पुन्हा विसाने: काटुन ७२०० दिवसांचा, बाकटुन १,४४,००० दिवसांचा. वर्षाच्या ३६५ दिवसांजवळ जायची ती सोय आहे. तेव्हा दिवसांचा आकडा असेल तर खालून दुसऱ्या घरात अठरा, म्हणजे तीन काड्या तीन बिया, जमल्या की त्या उचलून वर एक बी ठेवा. काडी-काडीचा तिसरा नियमही या घरात जसाच्या तसा चालणार नाही. तिथे सरळ बेरजेवर या.

आणि बेरजेवर येण्यात कमीपणा नाही, कारण पोथीत तेच दिसतं. ड्रेस्डेनची पोथी अंजिराच्या कुळातल्या झाडाच्या सालीच्या कागदाची आहे, वर चुन्याचा लेप दिलेली, घड्या घातलेली. १७३९ मध्ये ती ड्रेस्डेनच्या ग्रंथालयासाठी व्हिएन्नात विकत घेतली गेली. ठिपका म्हणजे एक आणि दांडी म्हणजे पाच हे राफिनेस्क या अभ्यासकाने १८३२ मध्ये ओळखलं होतं, पण पोथीतलं कालगणित उलगडलं ते १८८० नंतर, त्याच ग्रंथालयाचे ग्रंथपाल अर्न्स्ट फर्स्टेमान यांनी. तिच्यात शुक्राचा तक्ता आहे. शुक्राचा एक फेरा, म्हणजे तो आकाशात पुन्हा तसाच दिसेपर्यंतचा काळ, ५८४ दिवसांचा धरलाय. असे पाच फेरे म्हणजे २९२० दिवस, आणि ३६५ दिवसांची आठ वर्षंही बरोबर २९२० दिवसांचीच. तक्त्याच्या सुरुवातीला या २९२० च्या पटी तयार मांडून ठेवल्या आहेत. आपल्या भाषेत तो २९२० चा पाढाच. ज्याला वापरायचा त्याने पटींतून हवा तो आकडा उचलायचा.

तो पाढा तुम्हीही बियांनी बनवू शकता, आणि मला विचाराल तर यासारखा सराव नाही. २९२० म्हणजे ८-२-०: आठ टुन, दोन उइनाल, शिंपला. त्यात तेच पुन्हा मिळवा: १६-४-०. पुन्हा मिळवा: २४-६-०, पण टुनच्या घरात चोवीस मावत नाहीत, वीस उचलून वर एक बी: १-४-६-०. चौथी पट १-१२-८-०. पाचवीला टुनचं घर बरोबर वीस होऊन रिकामं होतं आणि तिथे शिंपला येतो: २-०-१०-०. असंच तेराव्या पटीपर्यंत जा. ५-५-८-० आलं तर सगळं बरोबर झालं. हे ३७,९६० दिवस, शुक्राचे ६५ फेरे, ३६५ दिवसांची १०४ वर्षं, आणि माया लोकांच्या २६० दिवसांच्या पंचांगाची १४६ आवर्तनंही. तिन्ही चक्रं इथे एकत्र येतात, म्हणून तेरावी पट महत्त्वाची.

कोरीव दगडांचे फोटो बघून आकडे वाचायला बसलात तर दोन गोष्टी आधीच सांगते. तिथे दांड्या पुष्कळदा उभ्या असतात आणि ठिपके त्यांच्या डाव्या बाजूला. आणि एक किंवा दोन ठिपक्यांच्या बाजूने चंद्रकोरीसारखी नक्षी असते. ती जागा भरण्यासाठी आहे, मोजायची नाही.

घरी करायला तीन गणितं देते. १३ गुणिले २०: काहीच गुणायचं नाही, १३ एक घर वर चढवायचे आणि खाली शिंपला. २५ गुणिले २५: मांडणी १-५, उत्तर १-११-५. आणि १९ गुणिले १९, एका घरात मावणाऱ्या संख्यांचा सगळ्यात मोठा गुणाकार. तीन जाड आणि चार बारीक रेघांना तितक्याच रेघा छेदल्या की ४९ छेद होतात. त्यांतून सोळा बिया, तेहेतीस काड्या आणि वर नऊ बिया निघतात. आवरून झाल्यावर वरच्या घरात तीन काड्या तीन बिया आणि खाली एकच बी उरली, तर तुमचे छेद बरोबर मोजले गेले.